मुंबई विमानतळावर उड्डाणाआधीचं खाणं: काय मागवावं, काय टाळावं, किती वेळात

मुंबईच्या टर्मिनल २ वर देशांतर्गत सुरक्षा तपासणी उरकून, कमरेचा पट्टा परत लावून माणूस पुढे सरकतो तेव्हा समोर पाट्या लखलखत असतात आणि पोटात पहाटे चारला घेतलेला अर्धा कप चहा असतो. मग ओळखीची पाटी दिसली की पाय तिकडे वळतात. पण शहरातल्या शाखेत जो पदार्थ हमखास चांगला मिळतो, तो इथे मरगळलेला हातात पडू शकतो. इथे पाटीपेक्षा काउंटरच्या मागे बघण्यात जास्त फायदा आहे. तळणीत आत्ता काय पडलंय, तवा मोकळा आहे का, काचेच्या गरम पेटीतला ट्रे किती वेगानं रिकामा होतोय, हे अर्ध्या मिनिटात दिसतं.

आतल्या काउंटरवर येणारा सगळा माल आणि प्रत्येक माणूस तपासणीतून, पासावर येतो. त्यामुळे बरंचसं सामान बाहेरच्या स्वयंपाकघरात अर्धंमुर्धं तयार होऊन ठरलेल्या वेळी येतं आणि इथे तळणं, भाजणं, गरम करणं एवढंच होतं. इथल्या खाण्याची प्रत शेवटच्या ५ मिनिटांत ठरते. ती ५ मिनिटं तुमच्या डोळ्यांसमोर घडत असतील तर पदार्थ घ्यावा. आधीच घडून गेली असतील तर दुसरीकडे बघावं.

घड्याळाचा हिशेब आधी करा, आणि तो उलटा करा. सकाळी ७ चं विमान धरू. बहुतेक देशांतर्गत उड्डाणांचं गेट विमान सुटण्याआधी २५ मिनिटं बंद होतं, म्हणजे ६:३५. बोर्डिंग साधारण ६:१५ ला सुरू होतं. गेट पिअरच्या, म्हणजे गेटांच्या लांब पट्ट्याच्या, टोकाला असेल तर चालायला १० मिनिटं धरा. बसून खायला १५ मिनिटं. म्हणजे ट्रे हातात ५:५० पर्यंत यायला हवा आणि रांगेत ५:३५ ला उभं राहायला हवं. त्यात उशीर झाला असेल तर बसून खायचा बेत सोडा आणि गुंडाळून नेता येईल असं काहीतरी घ्या. मुंबई हा ‘सायलेंट एअरपोर्ट’ आहे. तुमच्या उड्डाणाचं नाव पुकारून कोणी बोलावणार नाही. टोकन नंबरच्या पडद्याकडे टक लावून बसलेल्या माणसाचं लक्ष गेटच्या पडद्यावरून उडतं, आणि गेट बदललेलं शेजारच्या माणसाकडून कळतं. ट्रे घेऊन बसताना उड्डाणांचा पडदा दिसेल अशीच खुर्ची धरावी.

आता पदार्थ.

वडापावपासून सुरुवात करायलाच हवी, कारण मुंबईत उतरणारा आणि मुंबई सोडणारा दोघेही तोच मागतात. विमानतळावरचा वडापाव सहसा निराश करतो, आणि त्याचं कारण किंमत नाही. बटाटेवड्याचं आवरण म्हणजे बेसनाचा पातळ थर. कढईतून काढल्यावर पहिली ५-७ मिनिटं तो कुरकुरीत असतो. नंतर आतल्या बटाट्याची वाफ बाहेर यायला लागते आणि बंद गरम पेटीत ती वाफ आवरणातच मुरते. वीसेक मिनिटांनी वड्याचं साल ओल्या पुठ्ठ्यासारखं होतं. पिठात सोडा जास्त पडला असेल तर वडा तेलही जास्त पितो, आणि कागदावर उमटणारा डाग बघून ते लगेच कळतं. पावाचं दुखणं वेगळं आहे. मायक्रोवेव्हमध्ये २० सेकंद फिरवलेला पाव हातात येतो तेव्हा कापसासारखा मऊ असतो, आणि तीन मिनिटांत चिवट होतो. म्हणून ऑर्डर देताना एवढंच सांगा: पाव तव्यावर किंवा ग्रिलरवर गरम करा, आणि लसणाची कोरडी चटणी आत, हिरवी चटणी बाजूला. ओली चटणी आत गेली की गेटपर्यंत पोचेतो पावाचा तळ सुटतो. तव्यावर गरम करायला नकार मिळाला तर वडापावचा नाद सोडून समोसा घ्या.

समोसा या पेटीत वड्यापेक्षा कितीतरी चांगला टिकतो. मैद्याच्या पारीत मोहन असतं, पारी जाड असते आणि मंद आचेवर वेळ घेऊन तळलेली असते, त्यामुळे आतल्या वाफेला ती बराच वेळ दाद देत नाही. तासाभरापूर्वीचा समोसाही खाण्यासारखा राहतो. पारखायचं कसं? कडेची घडी बघा. ती कोरडी, फिकट बदामी आणि बारीक फोडांची असेल तर घ्या. घडी काळपट आणि तळ तेलकट चकचकीत दिसत असेल तर तो दुसऱ्यांदा तळलेला आहे. गरम पेटीत पदार्थ किमान ६० अंशांवर असायला हवा. बहुतेक पेट्यांना बाहेर आकड्यांची पट्टी असते, तिच्यावर नजर टाकायला पैसे पडत नाहीत.

पहाटेच्या विमानासाठी इडलीला तोड नाही. इडली वाफेवर असते, वाफेतच टिकते आणि दोन मिनिटांत ताटलीत येते. तेल नाही, वास नाही, पोटाला त्रास नाही. फक्त ती स्टीमरमधून निघतेय की ट्रेमधून उचलून मायक्रोवेव्हमध्ये जातेय एवढं बघा. मायक्रोवेव्हमधली इडली कडेनं कोरडी पडते आणि बोटानं दाबली तर परत फुगत नाही. सांबार बसूनच खा. कागदी वाटीवर झाकण लावून, पाठीला बॅग आणि हातात फोन धरून सांबार गेटपर्यंत नेण्याचे प्रयोग रोज होतात आणि बरेचसे सरकत्या पट्ट्यावर संपतात. मेदूवडा चांगला असतो, पण सांबारात बुडवून मागवू नका. वडा आणि वाटी वेगवेगळं घेतलं तर वड्याचा कुरकुरीतपणा शेवटच्या घासापर्यंत राहतो.

डोसा हा सगळ्यात फसवा. करायला ३ मिनिटं लागतात, पण तव्यावर एका वेळी तीनच बसतात. तुमच्या पुढे दहा डोसे असतील तर चार घाणे, म्हणजे १२ मिनिटं, आणि त्यात तवा पुसणं, पाणी शिंपडणं आलंच. पुढे सहापेक्षा जास्त डोसे दिसले तर दुसरं काहीतरी मागवा. गर्दीत आणखी एक गोष्ट घडते. तवा थंडावत जातो, पीठ नीट पसरत नाही आणि डोसा पांढुरका, लवचीक निघतो. मसाला डोसा बांधून घेणं म्हणजे पैसे देऊन ओलं फडकं विकत घेणं.

बर्गर-फ्राईजचं तंत्र नीट समजून घ्यायला हवं, कारण रांग सगळ्यात लांब तिथेच असते. फ्राईज साधारण १७० अंशांच्या तेलात ३ मिनिटं तळल्या जातात आणि दिव्याखालच्या पेटीत पडतात. तिथे त्यांचं आयुष्य ७ मिनिटांचं, मोठ्या साखळ्यांचा रिवाजही तोच. त्यानंतर आतला बटाटा ओलावा सोडतो आणि काडी वाकते. ताज्या मिळवण्याचा जुना उपाय म्हणजे बिनमिठाच्या मागणे, कारण त्या वेगळ्या तळाव्याच लागतात. पण विमानतळावर हा उपाय वेळ बघून करावा. ३ मिनिटं तळणीची आणि २ मिनिटं तुमच्यामुळे खोळंबलेल्या रांगेच्या नजरांची. त्यापेक्षा सोपं म्हणजे तळणीचा गजर ऐका. जाळी नुकतीच वर आली असेल तर मोठा डबा घ्या, नसेल तर फ्राईज वगळून फक्त बर्गर घ्या. कॉम्बोचा आग्रह होणारच, कॉम्बोतल्या थंड पेयाबद्दल पुढे सांगतोच. सकाळच्या गर्दीत आणखी एक दोष दिसतो. गोठवलेल्या फ्राईजची जाळी गच्च भरून सोडली की तेलाचं तापमान कोसळतं, आणि मग तळण्याऐवजी त्या तेलात शिजतात. चावल्यावर जिभेवर तेलाचा थर राहिला तर तेच झालेलं असतं.

बर्गर मात्र जुळवायला मिनिटभरच लागतो, कारण टिक्की किंवा पॅटी आधीच गरम कपाटात असते. म्हणून जो सगळ्यात जास्त खपतो तोच घ्यावा. आलू टिक्कीची पॅटी कपाटात पडून राहत नाही. मेनूच्या कोपऱ्यातला, तीन सॉसवाला, महागडा ‘स्पेशल’ दिवसातून चारदा विकला जात असेल, तर त्याची पॅटी कधीची आहे हे कपाटालाच ठाऊक. मोठ्या साखळ्यांनी मेनूवर उष्मांक लिहायचं बंधन आहे. ते आकडे वाचले की बर्गरपेक्षा कॉम्बोतलं गोड पेय आणि वाढीव चीज किती भर घालतं ते दिसतं.

शाकाहारी मंडळींनी हातमोजे आणि ग्रिल वेगळे आहेत का ते बघावं. मोठ्या साखळ्यांत शाकाहारी आणि मांसाहारी ओटे वेगळे असतात, पण छोट्या काउंटरवर एकाच ग्रिलवर पनीर आणि चिकन दोन्ही फिरतं. विचारलं तर खरं सांगतात, विचारावं लागतं एवढंच.

पिझ्झा सरकत्या पट्ट्याच्या ओव्हनमधून ६-७ मिनिटांत निघतो आणि अर्धा तास हाताशी असेल तर बरा पर्याय आहे. काचेत मांडलेला सुटा तुकडा घेऊ नका, त्याची कड बिस्किटासारखी झालेली असते. नूडल्स आणि फ्राईड राईसमध्ये मीठ-सॉस भरपूर, आणि विमानातल्या कोरड्या हवेत त्याची तहान दुप्पट लागते.

गुंडाळून न्यायचं असेल तर सँडविच किंवा रॅप. थंड कपाटातलं सँडविच उचलताना पाकिटावरची तारीख आणि वेळ बघा, बहुतेकांवर दोन्ही छापलेली असतात. ग्रिल करून मागितलं की ३-४ मिनिटांत बाहेरून पट्टे उमटतात आणि आतलं पनीर गारच राहतं. ‘मध्यभाग गरम होऊ द्या, दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील’ असं स्पष्ट सांगावं. काकडी-टोमॅटो असलेलं सँडविच ग्रिल केलं तर पाणी सुटतं आणि ब्रेडचा लगदा होतो. बटाटा, पनीर, मका यांचं सारण ग्रिलला चांगलं, काकडी-चटणीचं गारच बरं. अंड्याचं, चिकनचं किंवा मेयोनीज घातलेलं अर्धं खाऊन उरलेलं ‘दिल्लीला उतरल्यावर बघू’ म्हणून ठेवू नका. गेटवरचा वेळ, दोन-सव्वादोन तासांचं उड्डाण आणि सामानाची वाट धरली तर चार तास होतात. असं खाणं बाहेर दोन तासांपलीकडे ठेवायचं नसतं.

चहाच्या बाबतीत मात्र हात टेकावे लागतात. कॅफेतला चहा म्हणजे मोठ्या कागदी पेल्यात गरम दूध आणि त्यात लोंबणारी पुडी. पुडी चार-पाच मिनिटं तरी राहू द्यावी लागते, आणि तोवर झाकण उघडू नये, नाहीतर रंगही येत नाही आणि वाफही जाते. यंत्रातल्या प्रीमिक्स चहात साखर आधीच मिसळलेली असते, कमी साखरेची मागणी तिथे निरर्थक आहे. उकळलेला चहा हवा असेल तर इडली-डोशाच्या काउंटरवर चौकशी करा, आणि तिथे फिल्टर कॉफी मिळत असेल तर चहा विसरा. ती आकारानं छोटी, कडक आणि दोन मिनिटांत संपणारी असते. पहाटे माणसाला तेवढीच हवी असते.

थंड फेसाळ पेय मात्र चढण्याआधी नकोच. विमानाच्या आतला हवेचा दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. पाचगणी किंवा महाबळेश्वरपेक्षा हे बरंच वर झालं. दाब कमी झाला की पोटातला वायू पाव ते एक तृतीयांशानं फुगतो. सोबतचं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं दिसतं, तेच तुमच्या आतड्यात चाललेलं असतं. कोला, छोले, राजमा, कोबीचं सॅलड हे त्यात भर घालणारे. खिडकीपाशी बसून दोन जणांना उठवण्याची वेळ येऊ नये म्हणून मोठी कॉफीही जपून घ्यावी. लहान शहरांना जाणाऱ्या छोट्या, पंख्यांच्या एटीआर विमानात तर स्वच्छतागृह सहसा एकच, मागच्या बाजूला. पावसाळ्यात मुंबईतून वर जाताना ढगांत हादरे ठरलेले. ज्यांना मळमळतं त्यांनी तेलकट टाळून इडली किंवा साधं सँडविच खावं. पण रिकाम्या पोटी मात्र जाऊ नये, मळमळ त्यानंही वाढते.

आता पैशाचं. आतलं बिल शहरातल्या शाखेच्या दीडपट-दुप्पट होताना दिसतं. विमानतळ चालवणारी कंपनी दुकानाकडून विक्रीतला हिस्सा घेते आणि वर किमान रकमेची हमीही लिहून घेते. चोवीस तासांच्या पाळ्या, प्रत्येक कामगाराचा सुरक्षा पास, मालाची तपासणी हा खर्च वेगळा. दुकानदार ते सगळं समोशावरच काढणार. या महागाईवर उतारा म्हणून ‘उडान यात्री कॅफे’ आले. पहिला डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्यात, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईत, पुढे इतर विमानतळांवर. सुरुवातीचे दर असे: पाणी आणि चहा १० रुपये, कॉफी आणि समोसा २० रुपये. तुमच्या विमानतळावर तो असेल तर आधी एवढंच विचारा की तो सुरक्षा तपासणीच्या अलीकडे आहे की पलीकडे. अलीकडे असेल तर खाऊन मगच आत जा, आत गेल्यावर परत बाहेर येता येत नाही.

पाण्याच्या बाटलीवरून वाद नेहमीचा. एकाच वस्तूवर दोन वेगळ्या छापील किमती लावायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे, म्हणून दुकानातून उचललेल्या बंद बाटलीला छापील किंमतच द्या. मात्र बसून खाण्याच्या उपाहारगृहात वेगळा न्याय लागतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-उपाहारगृहांना छापील किमतीपेक्षा जास्त आकारायची मुभा दिली. त्यामुळे बाटली टेबलावर मागवू नका, शेजारच्या दुकानातून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे रिकामी बाटली सोबत आणून स्वच्छतागृहाजवळच्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरा. बिलावर जीएसटी ५ टक्के दिसेल, तो द्यावाच लागतो. ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ दिसली तर ती काढायला सांगा. तो सक्तीचा नाही, दिल्ली उच्च न्यायालयानंही मार्च २०२५ मध्ये तसंच म्हटलंय. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिलावर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांकही असायला हवा. पोट बिघडलं तर तक्रारीला तोच लागतो, म्हणून बिल ट्रेवर सोडून उठू नका.

विमानात चढून खाऊ म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना. गरम पाणी ओतून मिळणारे कपातले पोहे-उपमा तिथे पूर्ण फुलत नाहीत, कारण त्या दाबाला पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं आणि कपात येईपर्यंत आणखी निवतं. झाकण दाबून, सांगितलेल्या वेळेपेक्षा ३-४ मिनिटं जास्त ठेवा.

या सगळ्यापुढे घरचा डबा मात्र अजून कोणी हरवलेला नाही. देशांतर्गत उड्डाणाला कोरडं खाणं तपासणीतून जातं. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, तिळकूट लावून केलेली पोळीची गुंडाळी, रव्याचा लाडू यांपैकी काहीही चार-सहा तास सहज टिकतं आणि वास पसरवत नाही. दशमी-चटणी नेताना चटणी शेंगदाण्याची कोरडी न्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला हातातल्या सामानात १०० मिलीलीटरपेक्षा मोठ्या डब्यातलं पातळ काही चालत नाही, आणि दही, तेलकट लोणचं, ओली चटणी हे सगळं त्या हिशेबानं पातळच.

आणि विमान रखडलं तर पाकीट उघडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर जा. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यायची जबाबदारी कंपनीची आहे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा ३ तासांची. मुंबई-दिल्ली, मुंबई-गोवा पहिल्या गटातच येतात. स्वतःहून क्वचितच कोणी देतं, मागावं लागतं. कूपन मिळालं तर ते कोणत्या काउंटरवर चालतं आणि किती रुपयांपर्यंत हे तिथेच विचारून घ्या. नाहीतर डोशाच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहून ते तिथे चालत नाही असं कळतं. आणि इडलीचा स्टीमर जवळ असेल, तर कूपन आधी तिथेच दाखवून बघा.